भिंतींशी दोन हात

काटकसर कशात करावी आणि कशात करू नये, याविषयी माझी काही ठाम मते होती. त्यांतली बहुतेक लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच ढासळली. एक मात्र परवापरवापर्यंत शाबूत होते. ते असे, की घराला आतून रंग देणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. बाहेरून द्यावा, कारण इमारत पावसात भिजते. दारे-खिडक्या रंगवाव्या, कारण लाकूड कुजते आणि लोखंड गंजते. पण आतल्या भिंतींना कसला आला आहे धोका? त्या बिचाऱ्या ना पावसात जात, ना उन्हात. एखादे कॅलेंडर टांगले, वडीलमाणसांचे दोन फोटो लावले, समोर कपाट उभे केले, की भिंत अशी दिसायला उरतेच किती?

हे मत शाबूत राहायला आमची इमारतही कारण होती. ठाण्यात नौपाड्यातली 1978 सालची चार मजली इमारत; लिफ्ट नाही. या वयाच्या इमारतींना हल्ली एकच स्वप्न पडते, ते पुनर्विकासाचे. आमच्या सोसायटीची त्या विषयावरची पहिली सभा 2013 साली भरली. चहा झाला, बटाटेवडे झाले, 'येत्या दोन वर्षांत सगळ्यांना नवी घरं' असे ठरले आणि मंडळी आनंदाने पांगली. तेव्हापासून आमच्या इमारतीत भिंतीला साधा खिळा ठोकायचा तरी माणूस हातोडी खाली ठेवतो. पाडायच्याच घराला खिळा कशाला? नळ गळतो? गळू दे. फरशी हलते? हलू दे. दोन वर्षांचा तर प्रश्न! त्या दोन वर्षांचे आता एक तप झाले. एवढ्या काळात रंगावर मी एक रुपया खर्च केला नाही, आणि खोटे कशाला सांगू, या बचतीचा मला थोडा अभिमानही वाटत असे.

2024 सालच्या गणपतीत, गौरी यायच्या दिवशी, फुले आणायला म्हणून आमची ही खाली गेली आणि परतताना जिन्याच्या ओल्या पायरीवरून घसरली. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले, आणि त्यानंतर जवळजवळ तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती. ज्या बाईने बेचाळीस वर्षांत दुपारी अर्धा तास पाठ टेकली नाही, तिला उताणे पडून राहण्याची शिक्षा झाली.

उताण्या माणसाला दिसते काय? छत. आमच्या झोपायच्या खोलीचे छत मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते, असे म्हटले तरी चालेल. रात्री दिवा घालवून निजणारा आणि सकाळी उठताच चष्मा शोधणारा मी. माझा छताशी काय संबंध? हिचा मात्र संबंध जडला. कोपऱ्यात ओल होती. तिच्याभोवती पिवळट कडा उमटली होती आणि मधूनमधून पोपडे सुटून पांघरुणावर पडत. दुपारी मी शेजारी खुर्ची घेऊन पेपर वाचत बसे आणि ही मला छताची बातमी देई.

"अहो, तो डाग पाहिलात? गेल्या आठवड्यात ससा होता. आता उंट झालाय."

मी हसत असे. एके दिवशी मात्र ती म्हणाली, "नवं घर मिळेल तेव्हा मिळेल हो. पण मी आहे ती या खोलीत." एवढेच म्हणाली आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून तोंड तेवढे भिंतीकडे केले. भिंतीवरही काही पाहण्यासारखे नव्हते.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रंग द्यायचा हे ठरले. चांगला द्यायचा हेही, नाइलाजाने का होईना, ठरले. पण जन्मभराची सवय एका रात्रीत कशी सुटणार? चांगला रंग कमीत कमी पैशांत कसा पडेल, या प्रश्नाने मला घेरले. आणि पुढचे तीन महिने मी त्या विषयाचा जो अभ्यास केला, तो शाळेत गणिताचा केला असता तर आमच्या वडिलांना फार बरे वाटले असते.

वडिलांवरून आठवले. आमच्या लहानपणी, गावाकडच्या घरात, हा प्रश्नच नव्हता. दसऱ्याच्या सुमारास बाजारातून कळीचा चुना यायचा. जुन्या पिंपात ते पांढरे खडे टाकून वर पाणी ओतले की पिंप आपोआप रटरटू लागायचे, वाफा निघायच्या. खाली विस्तव नाही आणि वर उकळी! आम्हां पोरांना तो चमत्कार पाहायला मिळे, पण लांबूनच. जवळ गेले तर डोळ्यांत उडेल म्हणून आई ओरडायची. दोन-चार दिवस चुना मुरला की तो गाळून त्यात डिंकाचे पाणी, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ पडायची. मग काथ्याचा कुंचा घेऊन वडील स्वतः शिडीवर चढत. पहिला हात दिला की मला दर वर्षी वाटे, फसले! कारण ओल्या चुन्यातून जुनी भिंत जशीच्या तशी दिसायची. दुपारी जेवून येऊन पाहावे, तर भिंत लख्ख. संध्याकाळी आई हातांना खोबरेल लावत बसायची, कारण चुन्याने बोटांची साले निघत. त्या पांढऱ्या भिंतीचा एकच दोष होता: तिला टेकून बसलेला माणूस उठला की त्याची पाठही पांढरी झालेली असायची. आमच्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीनंतर पाठी झाडत शाळेत येत.

चुना हवा खाऊन वाळतो आणि वाळताना त्याचा पुन्हा दगड होतो, हे पुढे कळले. स्वस्त, शुद्ध आणि भिंतीला श्वास घेऊ देणारा असा तो रंग होता. पण शहरातल्या भिंतींवर, डिस्टेंपरचे तीन-तीन थर चढल्यावर, चुना काही धरत नाही. तो मार्ग बंद.

मी प्रथम रंगाऱ्यांना फोन केला. आमच्या भागात तीस वर्षे काम करणारे एक गृहस्थ आहेत. ते आले, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाले, "काका, सतराशे फूट धरा. वीस लिटरची एक बादली तर लागेलच. पण खरं सांगू? दिवाळीपर्यंत मला मान वर करायला फुरसत नाही. आता करायचं तर घाईत होईल आणि भिंतही अजून ओली आहे. पौषात बोलवा. लग्नंबिग्नं नसतात, आम्ही मोकळेच असतो. मजुरीतही बघू काय ते."

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत अवघ्या महाराष्ट्राला एकाच वेळी रंगाची आठवण होते. रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर भाव चढलेला, आणि भिंती नुकत्याच चार महिन्यांचा पाऊस पिऊन बसलेल्या. ओल्या भिंतीवर दिलेला महागडा रंगही सहा महिन्यांत फुगून येतो. म्हणजे आपण ज्या मुहूर्तावर घर रंगवतो तो भिंतीच्या दृष्टीने वर्षातला जवळजवळ सर्वांत वाईट मुहूर्त! मी हे शास्त्र हिला समजावून सांगितले. वाटले, ती रुसेल. दिवाळी त्या डागाखाली काढायची म्हणजे काय! ती म्हणाली, "उंट आहे तोवर दिवाळीचा फराळ त्यालाही दाखवू." आणि त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन आम्ही तिच्या पलंगाशेजारी पाट मांडून केले.

मधल्या काळात मी ओलीच्या मागे लागलो. एक युक्ती कळली होती, तीच केली. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून सपाट केली आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवली. दोन दिवसांनी पाहिले तर पिशवीच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दवाचे थेंब. बाहेरच्या बाजूला जमले असते, तर ती खोलीतल्या हवेची वाफ. आत जमले याचा अर्थ पाणी भिंतीतूनच येत होते. वर शोध घेता, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातल्या फरशांचे सांधे निघालेले. शेजारी सज्जन. म्हणाले, "अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" आता काय सांगणार? इमारत पडणारच आहे, या भरवशावर! सांधे बुजवण्याच्या खर्चात मी आपणहून निम्मा वाटा उचलला. तो पहिल्या वर्षीच उचलला असता, तर भिंतीचे प्लास्टर तरी शाबूत राहिले असते. ती रक्कम मी वहीत लिहिली आणि तिच्यासमोर 'रंग' असे न लिहिता 'आळस' असे लिहिले.

मग रंगाचे दुकान. आम्ही लहान असताना रंगाच्या दुकानावर एशियन पेंट्सचा गट्टू असायचा, हातात रंगाचा डबा आणि कुंचला, कपाळावर केसांची बट. आर. के. लक्ष्मण यांनी त्याला 1954 साली जन्माला घातले आणि 2002 साली कंपनीने त्याला निवृत्त केले. गट्टूच्या काळी पसंतीला फार तर पाच-पंचवीस रंग. आता शेठने माझ्यापुढे विटेएवढे जाड पुस्तक टाकले. त्यात रंगांच्या शेकडो चकत्या, आणि प्रत्येकीला असे इंग्रजी नाव, की वाचून रंग डोळ्यांपुढे उभा राहण्याऐवजी होता तोही जावा. मी ते पुस्तक घरी नेले. हिने अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यांचे बारसे केले: हा ताकाचा, हा साजूक तुपाचा, हा भाकरीचा, हा करपलेल्या भाकरीचा. तीन महिन्यांत मी तिला इतके हसताना पाहिले नव्हते.

शेठ मात्र मोठा जाणता माणूस. गिऱ्हाईक कंजूष आहे हे त्याने पहिल्या वाक्यात ओळखले आणि तरीही मला चहा पाजला. मी विचारले, "हा दोनशेच्या आसपास लिटर आणि तो पाचशेच्या पुढे. दोन्ही पांढरेच दिसतात. फरक काय?"

तो म्हणाला, "काका, डब्यात पांढरं किती आणि खडू किती, हा फरक."

या एका वाक्याच्या मागे बरेच काही आहे, हे मला नंतर वाचून उमजले. रंगाला झाकण्याची ताकद देणारे जे खरे पांढरे द्रव्य, ते टिटॅनियम डायऑक्साइड. ते महाग असते. गंमत अशी, की हे पांढऱ्यातले पांढरे निघते काळ्या वाळूतून. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर ती सापडते. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही तिचे खनिज, इल्मेनाइट, आहे. या द्रव्याचा कण प्रकाशाला असा काही वाकवून परतवतो, की पातळ थराखालीही जुना डाग दिसत नाही. स्वस्त रंगात हे कमी आणि खडूची भुकटी, माती अशी भरताड जास्त. खडू कोरडा असताना पांढरा दिसतो, पण ओला झाला, चिकात भिजला, की पारदर्शक होऊ लागतो. आमच्या वडिलांचा पहिला हात सकाळी फसल्यासारखा का दिसे, त्याचा उलगडा मला वयाच्या सत्तराव्या वर्षी झाला! दुसरा फरक त्या चिकाचा. कण भिंतीला धरून ठेवणारा चीक चांगल्या रंगात भरपूर असतो, म्हणून ती भिंत ओल्या फडक्याने पुसता येते. स्वस्त रंगाची भिंत पुसायला जावे, तर डागाबरोबर रंगही फडक्यावर येतो.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एकूण खर्चात निम्म्याहून अधिक पैसे खरवडणे, घासणे, पुट्टी आणि मजुरी यांत जात होते. प्रत्यक्ष रंगाचा वाटा जेमतेम एक तृतीयांश. समजा, रंग निम्म्या किमतीचा घेतला. वाचले किती? तृतीयांशाचा निम्मा, म्हणजे एकूण खर्चाचा सहावा हिस्सा. आणि त्या स्वस्त रंगाने दोन हातांत डाग झाकला नाही, तर तिसऱ्या हाताचा रंग वेगळा, मजुरी वेगळी. सहावा हिस्सा गेला कुठल्या कुठे! शिवाय तीन वर्षांनी पुन्हा हाच तमाशा. मी आकडे तीनदा तपासले. जन्मभर ज्या माणसाने सर्वांत खालच्या फळीवरची वस्तू उचलली, त्याला त्याचेच त्रैराशिक डोळे वटारून पाहत होते.

तेव्हा डब्यात काटकसर नाही, हे नक्की झाले. पण मग कुठे? मी शिवणकामाची टेप घेतली आणि घर मोजले. बाहेरची खोली पंधरा बाय दहा, झोपायची बारा बाय दहा, स्वयंपाकघर दहा बाय आठ. तिन्हींचा घेर मिळून एकशे तीस फूट, उंची साडेनऊ. बाराशे पस्तीस चौरस फूट. त्यातून दारे, खिडक्या, भिंतीतली कपाटे आणि ओट्यामागच्या फरश्या वजा केल्या, तर हजार उरले. छते साडेतीनशे. म्हणजे तेराशे पन्नास. रंगाऱ्यांच्या अंदाजाने सतराशे! साडेतीनशे फूट तर दारे-खिडक्यांच्या हवेतच रंगणार होते. चांगला रंग लिटरमागे सव्वाशे फुटांच्या आसपास दोन हात देतो. म्हणजे हजार फुटांना आठ-साडेआठ लिटर पुरे. वीस लिटरच्या बादलीत लिटरमागे भाव थोडा कमी पडतो हे खरे, पण उरलेले अकरा लिटर काय जिलबीच्या पाकात घालायचे? मोजल्याने जेवढे वाचले, तेवढे घासाघीस करून कधी वाचले नसते. घासाघीसही केली. छापील किमतीवर बारा टक्के सूट मिळाली. छापील किंमत हा पहिला सूर असतो, गाणे नव्हे, हे शेठनेच हसत कबूल केले.

रंगाची निवडही पैशाला धरून असते. फिकट छटा पांढऱ्या बेसमध्ये चार थेंब टाकून होते. तेच गडद निळा किंवा किरमिजी म्हणाल, तर बेस निराळा, त्यात टाकायचे रंगद्रव्य भरमसाट, आणि झाकायला हात अधिक. 'तो ताकाचाच बरा,' असे आम्ही बाहेरच्या खोलीपुरते आणि स्वयंपाकघरापुरते ठरवले.

झोपायच्या खोलीचा रंग मात्र दैवाने दिला. शेठच्या दुकानात मागच्या फळीवर चार लिटरचा एक डबा पडलेला दिसला, झाकणावर बोटभर रंग लावलेला. कोण्या गिऱ्हाइकाने बनवून घेतला आणि घरी नेऊन पाहिल्यावर नको म्हणून परत आणला. यंत्राने एकदा थेंब टाकले की ते परत काढता येत नाहीत. असा डबा दुकानदाराच्या गळ्यात पडतो. वरच्या प्रतीचा रंग, डब्यावरची तारीख दोनच महिन्यांपूर्वीची. मी झाकण उघडायला लावले, वास घेतला (पाण्यातला रंग नासला तर कुजकट वास येतो), काठीने ढवळून पाहिले. उत्तम होता. निम्म्या किमतीत मिळाला. रंग कोणता? केळीचे पान उलगडण्यापूर्वी सुरळीत असते तेव्हा जसे दिसते, तसा काहीसा पोपटी-पांढरा. मी जरा भीत भीतच कागदाला लावून घरी नेला. हिने तो उजेडात धरला, उशापाशी धरला आणि म्हणाली, "ज्याने परत केला त्याला माझा नमस्कार सांगा."

पौष लागला. ही काठी घेऊन चार पावले चालू लागली होती. रंगारी आणि त्यांचा मुलगा आले आणि पहिल्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा उघडलाच नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. पोपडे पत्र्याने खरवडले, भिंतीवरून तळहात फिरवून पिठी येते का पाहिली, जुने डिस्टेंपर धुऊन काढले. स्वयंपाकघराच्या भिंतीला कमरेपर्यंत जुना ऑइल पेंट होता. तो कोरडा घासू लागले, तेव्हा मी मध्ये पडलो. जुन्या ऑइल पेंटात शिसे असण्याचा फार संभव. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा पाणी मारून, ओले ठेवून घासायचे आणि नाकाला फडके बांधायचे, असे ठरले. रंगारी म्हणाले, "तीस वर्षं असंच घासलंय काका." पण मुलाच्या नाकाला त्यांनी स्वतःच रुमाल बांधला.

मग भेगांत पुट्टी भरली. हिला जुने रंगारी लांबी म्हणत. तिच्यावर काचकागद फिरला, वर प्रायमर चढला. ही सगळी कामे रंगाखाली दडून जातात, म्हणूनच पैसे वाचवायची पहिली बुद्धी इथेच होते. आणि इथे वाचवले की पाचशेचा रंगही दोनशेच्यासारखा वागतो.

तिसऱ्या दिवशी ताकाचा रंग उघडला. चार लिटरचा एक आणि लिटरचे दोन, असे डबे होते. ते आधी एका मोठ्या बादलीत एकत्र केले, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलायला नको. पाणी घालायची वेळ आली, तशी मी स्टीलचे माप घेऊन पुढे झालो. डब्यावर प्रमाण छापलेले असते. रंगाऱ्यांनी माझ्याकडे, गवळ्याने पाहावे तसे पाहिले. "काका, दुधात पाणी घालतो असं वाटतं का?" मी म्हटले, "नाही हो, मी आपला शिकतोय." दोघांनाही ते खोटे आहे हे ठाऊक होते.

त्याच वेळी एक गोष्ट नजरेस पडली. झाकण उघडताच त्यांनी आतून काहीतरी चटकन काढून खिशात टाकले. मला दुकानात कळले होते: अनेक कंपन्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन ठेवतात. ते दिले की त्याला पैसे मिळतात. अमुकच कंपनीचा रंग आणा, असा रंगारी आग्रह का धरतो, याचे उत्तर पुष्कळदा त्या टोकनात असते. आणि टोकनाचे पैसे शेवटी आपल्याच बिलातून गेलेले असतात. माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. ही रक्कम मजुरीतून वजा करावी, असा विचार मी हिच्या कानात बोलून दाखवला. ती गॅलरीत खुर्ची टाकून मुकादमासारखी बसली होती. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "दादा, त्या छोट्या डब्यांतली टोकनं घेतलीत ना आठवणीने?" ते ओशाळले, हसले आणि त्या दिवसापासून पाणी माझ्या देखत मोजून घालू लागले. रंगाचा भाव करायचा असतो, माणसाचा नव्हे, असे काही ती म्हणाली नाही, ती म्हणाली, "चहा ठेवा."

आता छताविषयी. सगळ्या जाणत्यांचा सल्ला एकच: छताला साधे डिस्टेंपर द्यावे. तिथे कोणाचा हात लागत नाही, पुसायचा प्रश्न नाही, मुलांची बोटे पोचत नाहीत. खर्च वाचवायची याहून निर्धोक जागा घरात दुसरी नाही. बाहेरच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या छताला मी तेच दिले आणि ते उत्तम दिसते. माझ्या यादीत झोपायच्या खोलीचे छतही 'डिस्टेंपर' याच सदरात होते. चौथ्या दिवशी सकाळी रंगारी शिडीवर चढले, खाली वाकून डिस्टेंपरची बादली मागितली आणि मी म्हटले, "थांबा."

मी दुकानात गेलो. वरच्या प्रतीचा पांढरा, एक लिटर. एकशे वीस फुटांच्या छताला तेवढाच लागतो. शेठ म्हणाला, "काका, छताला हा? पैसे जड झाले?" मी म्हटले, "सूट किती देता?"

त्यांनी डागावर आधी डाग दाबणारा प्रायमर दोनदा दिला, मग त्या रंगाचे दोन हात. संध्याकाळी मी पलंगावर उताणा पडून पाहिले. काही नव्हते. उंट नाही, ससा नाही, कडा नाही. नुसते पांढरे. मी बराच वेळ तसाच पडून होतो. ती गॅलरीतून विचारत होती, "झालं का हो? कसं दिसतंय?" आणि मला तिला सांगायला शब्द सुचेनात.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. कोपरा कोरडा आहे. दुधाची पिशवी मी एकदा गुपचूप लावून पाहिली, थेंब नव्हते. ताकाचा रंग थोडा उरला होता. तो हिने लोणच्याच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून, वर 'हॉल, जानेवारी 2025' अशी चिठ्ठी डकवून फडताळात ठेवला आहे, आणि एकदा मी तो चुकून जेवणाच्या टेबलावर आणलाही आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी घर पाहून रंगाऱ्यांचा नंबर नेला. तळमजल्यावरच्यांनी टेप नेली. ती अजून परत यायची आहे.

परवा सोसायटीची नोटीस आली. गणपती गेल्यानंतरच्या रविवारी पुनर्विकासाची सभा. नवा विकासक, नवे नकाशे. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. ही खिडकीशी बसून गौरीची वस्त्रे पाहत होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, "जाऊन या. वडे असले तर दोन घेऊन या. आणि ती बरणी जरा काढून ठेवा. दारामागे कोपऱ्यात माझ्या काठीचा ओरखडा आलाय, तेवढ्याला एक हात देऊन टाकू."